टाकीच्या झाकणावरचा अंगठा

शालिनी शेवडे त्या दिवशी वेळेवर देपालपुरला निघाली असती, तर शरच्चंद्र टोकेकरांच्या पदरात काहीच पडलं नसतं. ती निघू शकली नाही, म्हणून त्यांना काय काय मिळण्यासारखं होतं ते आधी सांगतो. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटणार नाही. एक तर त्यांच्या नोंदवहीत 'निकाली' नावाचा जो रकाना दीड वर्षं कोरा पडला होता, त्यात पहिली ओळ उमटणार होती. शेवड्यांच्या घरी दसऱ्याचं श्रीखंड उरलेलं होतं. आणि आमच्या रामबागेत 'टोकेकर काय, रिकामेच असतात' असं जे बोललं जाई, ते निदान आठवडाभर तरी थांबलं असतं. श्रीखंडावर त्यांनी पाणी सोडलं असतं. बाकीच्या दोन गोष्टींची मात्र त्यांना खरीखुरी भूक होती.

टोकेकर कोण, हे त्यांच्याच शब्दांत सांगणं बरं. त्यांनी छापून घेतलेल्या पत्राच्या कागदावर, माथ्याशी, असं आहे: 'शरच्चंद्र गजानन टोकेकर, खाजगी गुप्त तपासनीस. इंदूर, महू, देवास व आसपासचा मुलूख. नजर घारीची. स्मरणशक्ती दप्तराची. एकवीस वर्षे गुन्हेगारांशी रोजचा संबंध. ज्या रहस्यापुढे इतरांनी हात टेकले, तेथून आमचे काम सुरू होते.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि हीच त्यातली गोम. होळकर सरकारच्या पोलीस दप्तरात टोकेकर एकवीस वर्षं नक्कलनवीस होते. दुसऱ्यांनी पकडलेल्या चोरांची नावं सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढणं, हा तो रोजचा संबंध. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, दप्तराचे गठ्ठे ग्वाल्हेरला निघाले, आणि गठ्ठ्यांबरोबर टोकेकरांनीही जावं असा हुकूम आला. त्यांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या, "गठ्ठे जाऊ देत, तुम्ही नका जाऊ." तेव्हापासून ते घरी आहेत आणि ओसरीवर तपासाचं ऑफिस आहे.

मी त्यांचा सहायक. ही नेमणूक कधी झाली ते मला माहीत नाही. मी मिलच्या स्टोअरमध्ये कामाला, पाळी दुपारची, आणि माझी ओसरी त्यांच्या ओसरीला लागून; एवढ्या तीन अपराधांवर माणूस सहायक होतो.

आता प्रकरण. समोरच्या लक्ष्मीकांत शेवड्याकडे एक फटफटी होती. कालव्यांच्या नहर खात्यात ओव्हरसियर म्हणून फिरायला बरी, म्हणून त्याने ती महूच्या छावणीतल्या एका परतणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. दोन स्ट्रोकचं विलायती यंत्र. अशा गाडीला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मापाने तेल मिसळून पाजावं लागतं. ते पिऊन ती निळा धूर सोडते आणि तव्यावर फुटाणे उडावेत तशी बोलते. लक्ष्मीकांतचा जीव त्या गाडीवर इतका होता, की रात्री गाडी लावताना पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत तो शेजारी उभा राही. नळीत आणि कार्बोरेटरमध्ये तेलकट पेट्रोल साचून राहू नये म्हणून. लोक गाईला एवढं गोंजारत नाहीत.

लक्ष्मीकांतची धाकटी बहीण शालिनी. ट्रेनिंग करून दोन वर्षं अर्ज करत होती, आणि शेवटी देपालपुरच्या कन्याशाळेत तिला जागा मिळाली. हुकुमात लिहिलं होतं: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत जातीने हजर व्हावे, अन्यथा यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. यादीत पुढलं नाव कुणा प्रमोदिनीबाईंचं होतं. देपालपुरची बस सकाळी सातला सुटते आणि मग थेट दुपारी. शालिनी पहाटेच ट्रंक बांधून तयार होती. लक्ष्मीकांत म्हणाला, "बसमध्ये कशाला धूळ खातेस? मी सोडतो ना फटफटीवर. पंचवीस मैल म्हणजे काय, दीड तासाचा मामला."

बस गेली. आठ वाजता त्याने पहिली किक मारली. साडेआठला मी दात घासत बाहेर आलो तेव्हा तो चाळिसावी मारत होता.

"क्यों भिया, रुसली वाटतं?" मी विचारलं.

"पांडुकाका, परवा संध्याकाळी मक्खनसारखी चालत होती हो. घरी आणली, बंद केली. काल सकाळी पूजेआधी डब्यातून टाकी काठोकाठ भरली. दिवसभर हात लावला नाही. आज बघा, खोकतसुद्धा नाही."

एवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला, "कुणीही जागचं हलायचं नाही."

टोकेकर होते. काळा कोट, धोतर, आणि हातात ते जुने मोडी कागद वाचायला वापरत ते भिंग. त्यांनी कोटाच्या खिशातून खडू काढला आणि फटफटीभोवती एक मोठं वर्तुळ ओढलं. हे करताना ते गाडीभोवती ओणव्याने फिरले, आणि फिरताना डोक्याने हँडलला एकदा टेकले. नंतर तेही त्यांनी नोंदवहीत लिहिलं: 'आरोपीकडून प्रतिकार.'

"घटनास्थळ," ते म्हणाले. "माझ्या परवानगीशिवाय या रेषेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही."

"काका, गाडी माझी आहे," लक्ष्मीकांत म्हणाला.

"पहिला संशय नेहमी मालकावरच असतो. पांडुरंगराव, लिहून घ्या."

शेवड्यांची कामवाली गंगूबाई बादली आणि खराटा घेऊन उभी होती. "साब, आंगन धुवायचं राहिलंय."

"आज अंगण धुतलं जाणार नाही. पुरावे वाहून जातील."

"मग म्हारे को कशाला थांबवून ठेवलं?" असं म्हणून ती पायरीवर बसली, आणि नंतर जे झालं ते सगळं तिने हनुवटीला हात लावून पाहिलं.

टोकेकरांनी भिंग लावून गाडी पुढच्या चाकापासून बघायला सुरुवात केली. झेंडूची माळ बघितली. हँडलला बांधलेलं आपट्याचं पान मोजलं. आणि टाकीपाशी आल्यावर त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. टाकीच्या झाकणावर, बरोबर मधोमध, कुंकवाचा एक जाडजूड टिळा होता, आणि त्या टिळ्यावर रेष न् रेष मोजता येईल असा एक अंगठा उमटलेला होता.

एकवीस वर्षं टोकेकरांनी अंगठ्यांच्या कागदांच्या नकला केल्या होत्या. नकलेत अंगठा उतरत नाही. तिथे फक्त 'येथे अंगठा' असं लिहायचं असतं. खरा, ताजा, आपल्या ताब्यातला अंगठा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, डोळेही पुसले.

"पांडुरंगराव," ते हळूच म्हणाले, "याला कुणी स्पर्श करायचा नाही. वारासुद्धा लागता कामा नये." आणि त्यांनी झाकणावर आपल्या पानाच्या डब्याचं टोपण उपडं ठेवलं.

"अहो टोकेकर भावजी," आतून लक्ष्मीकांतची आई अंबिकाबाई म्हणाल्या, "ते कुंकू तर—"

"वहिनी, साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. वेळ आली की जबानी घेऊ."

अंबिकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पूजेचं कुंकू निदान आठ दिवस तरी कुणी पुसू नये असं त्यांचंही मत होतं, त्यामुळे भावजींनी त्यावर टोपण घातलेलं त्यांना पसंतच पडलं.

"काका," शालिनी म्हणाली, "अंगठा कुणाचा का असेना, मला सव्वादहाला निघायलाच हवं. नाहीतर ती जागा गेली."

"सव्वादहाला? पोरी, दहाला गुन्हेगार तुझ्या पायाशी आणून बसवतो."

तेव्हा नऊ वाजायला दहा मिनिटं होती.

पहिला शोध प्लगमधून लागला. लक्ष्मीकांतने इंजिनच्या डोक्यातला प्लग पान्याने काढला. त्याचं टोक काळंकुट्ट होतं. टोकेकरांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं, आणि डोळे बारीक केले.

"काजळ."

"काजळी, काका. दोन स्ट्रोकला धरतेच."

"यात स्त्रीचा हात आहे. घरात काजळ कोण घालतं?"

"मी घालते," शालिनी म्हणाली. "माझीच नोकरी जावी म्हणून मी रात्रीतून प्लगला काजळ लावलं. लिहा."

मी लिहिलं नाही. लक्ष्मीकांतने प्लग साफ करून इंजिनच्या अंगाला टेकवला आणि किक मारून बघू लागला. ठिणगी पडत होती, निळी, चांगली खमकी. टोकेकरांना ती जवळून बघायची होती. त्यांनी प्लगच्या डोक्यावरची वायर दोन बोटांत धरून ठेवली आणि म्हणाले, "मार."

ते वर्तुळाच्या बाहेर पडले तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर नव्हते. उठल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि शांतपणे सांगितलं, "वीज आहे. हा मुद्दा निकालात."

दुसरा शोध पेट्रोलचा. अंगणात काल पेट्रोल ओतलेला डबा पडला होता. त्याच्या तळाशी राहिलेलं त्यांनी बोटाला लावलं, बोटं एकमेकांवर घासली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तेल आहे यात. भेसळ. सियागंज बाजारातला कुणीतरी व्यापारी यात गुंतलेला आहे."

"तेल मीच घातलंय, काका."

"तूच?"

"घालावंच लागतं. नाहीतर पिस्टन जाम होतो."

टोकेकर माझ्याकडे वळले. "कबुलीजबाब. वेळ लिहा. नऊ वाजून पाच."

या कबुलीजबाबातून लक्ष्मीकांतला सोडवायला दहा मिनिटं गेली. टोकेकरांचं म्हणणं होतं, की ज्या यंत्राला शुद्ध पेट्रोल चालत नाही ते यंत्रच मुळात गुन्हेगार वृत्तीचं. शालिनी दर पाच मिनिटांनी आत जाऊन घड्याळ बघत होती आणि बाहेर येऊन ट्रंकेची कडी ओढून बघत होती. 

तिसरा शोध तुकोजीचा. तुकोजी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टांगा लावतो. गर्दी बघून तो आला होता.

"तुकोजी," टोकेकरांनी विचारलं, "फटफट्या वाढल्या तर टांग्याचं काय होईल?"

"बसेल की घरी."

"म्हणजे ही बंद पडण्यात तुझा फायदा आहे."

"भिया, म्हारा फायदा असता तर म्यां काल रातीच ताईंना सांगितलं असतं, चला, टांग्यात बसा. पन देपालपुरला जायला घोडं दोन लागतील अन् दिस एक. हां, येक बात बोलू? घोडं अडलं ना, तर आधी त्याचं तोंड बघतो आम्ही. मागं मारत नाही बसत." एवढं बोलून त्याने लक्ष्मीकांतच्या किक मारणाऱ्या पायाकडे बघितलं. तो पाय एव्हाना घोट्यापाशी टरारून सुजला होता.

"विषयांतर," टोकेकर म्हणाले. "पांडुरंगराव, संशयित क्रमांक दोन. डोळ्यात बघून बोलत नाही."

तुकोजीचा एक डोळा मुळातच तिरळा आहे. मी लिहिलं नाही.

मग लक्ष्मीकांतने स्वतःच एक गोष्ट केली, आणि ती सकाळपासूनची त्यातल्या त्यात शहाणपणाची होती. कार्बोरेटरवर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की पेट्रोल वर येऊन बाहेर ओघळायला हवं. त्याने दाबलं. ओघळलं नाही. त्याने टाकीची नळी काढली आणि चावी उघडली. चार-सहा थेंब पडले आणि थांबले. नळीत फुंकर मारली, नळी मोकळी. चावी मागेपुढे फिरवून बघितली, चावी मोकळी. टाकीवर बोटाने वाजवलं. भरल्या माठासारखा आवाज.

"पेट्रोल आहे," तो म्हणाला. "रस्ता मोकळा आहे. मग खाली का येत नाही?"

टोकेकर ताठ उभे राहिले. हा प्रश्न त्यांना फार आवडला. "खोली आतून बंद. दारं, खिडक्या तपासल्या. आणि आतला माणूस बाहेर येत नाही. लक्ष्मीकांत, असं प्रकरण मी फक्त एकदा बघितलंय."

"काय निघालं होतं?"

"दप्तरातलं ते शेवटचं पान उंदरांनी खाल्लं होतं."

लक्ष्मीकांतने पानाच्या डब्याच्या टोपणाकडे हात नेला. "झाकण उघडून बघतो एकदा."

"हात लावायचा नाही," टोकेकर म्हणाले.

"अरे, कुंकू पुसशील," अंबिकाबाई म्हणाल्या.

"आई, पण—"

"टाकी भरलेली आहे, तूच भरलीस. भरलेली वस्तू उघडून काय बघायची?" टोकेकरांनी विचारलं. "आता सगळं या अंगठ्यावर आहे. हा अंगठा कुणाचा ते कळलं, की गाडी आपोआप बोलू लागेल."

साडेनऊला त्यांनी घरून शिक्क्याची शाई आणवली आणि अंगठे घ्यायला बसले. लक्ष्मीकांतचा घेतला. शालिनीचा घेतला, तिने तो असा दाबला की कागद फाटला. अंबिकाबाईंचा घेतला. तुकोजीचा घेताना तो म्हणाला, "मालक, सही करता येते मला." तरी घेतला. माझाही घेतला. मी म्हटलं, "मी तुमचा सहायक आहे." ते म्हणाले, "तोच तर नेहमी शेवटी निघतो."

गंगूबाईचा घेतला तर शाई लागेना. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्यावर रेषच राहिली नव्हती. टोकेकरांनी तो भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. "हे फार गंभीर आहे," ते म्हणाले. "सराईत लोक रेषा घालवून टाकतात."

"राखेनं जातात, साब," गंगूबाई म्हणाली. "या कधी, दाखवते घासून."

सहा अंगठे, एकही जुळेना. अंबिकाबाईंनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं, "भावजी, मी काय म्हणते, काल सकाळी पूजेला—"

"वहिनी, अजून तुमची जबानी आलेली नाही."

दहाला पाच कमी. आता शेवटचा उपाय म्हणून ढकलायचं ठरलं. लक्ष्मीकांत गाडीवर बसला. मागून मी आणि तुकोजी. टोकेकर शेजारून टाकीवर छत्री धरून पळत होते, अंगठ्याला ऊन लागू नये म्हणून. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, त्या टोकापासून परत आणली. गाडी एकदा 'फट्' म्हणाली. ती एवढ्याचसाठी, की आमच्या आशा संपू नयेत. जागेवर आल्यावर टोकेकरांनी पुसट झालेलं वर्तुळ पुन्हा ओढलं.

लक्ष्मीकांत पायरीवर बसला. त्याने बहिणीकडे बघितलं नाही. "मला वाटलं होतं," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

शालिनीने ट्रंक उचलली.

"कुठे निघालीस?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"बस स्टँडवर. कुणी ट्रकवाला जात असेल देपालपुरला. नसेल तर पायी. तिथल्या मोठ्या बाईंना निदान तोंड दाखवीन."

"पायी पंचवीस मैल?"

"दोन वर्षं कागदावरच चालतेय, आई."

  टोकेकरांनी खडू खिशात ठेवला, मग काढला, मग ठेवला. त्यांना त्या पोरीचं वाईट वाटत होतं, हे मी त्यांच्या बाजूने जमा धरतो. पण हातातला अंगठा सोडायची त्यांची तयारी नव्हती, हेही खरं.

गंगूबाई पायरीवरून उठली. "ताई, दो मिनट. साब, म्हारी बात ऐकता का? मला पुढे तीन घरं आहेत, फार बोलत नाही."

"काय ते लवकर सांग."

"घासलेटचा नवा डबा आणता तुम्ही दुकानातून. त्याला एक छेद पाडला अन् डबा उलटा केला, तर घासलेट येतं का?"

"घासलेटचा या प्रकरणाशी काही संबंध नाही."

"नी आवे. चार थेंब येतात न् बंद. दुसरा छेद पाडावा लागतो, हवा आत जायला. तेलाचा डबा घ्या, घासलेटचा घ्या, सगळ्यांचं असंच. रोज मीच पुसते ही गाडी. त्या झाकणाला बारीक भोक आहे. फडक्याला तिथंच पेट्रोलचा वास लागतो. ते भोक कुठाय आता?"

लक्ष्मीकांत उभा राहिला. सुजलेल्या पायावर उभा राहिला, तरी त्याला कळलं नाही.

गंगूबाईने खडूची रेघ ओलांडली, पानाच्या डब्याचं टोपण उचलून टोकेकरांच्या हातात दिलं, आणि अंबाड्यातला आकडा काढला.

"पुरावा," टोकेकर म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले, की तो आक्षेप धरता येणार नाही.

तिने आकड्याचं टोक त्या सुंदर अंगठ्याच्या बरोबर मधोमध रोवलं आणि फिरवलं. आधी कुंकू निघालं, मग कुंकवाखालचं पिवळं मेण, चांगला करंगळीच्या नखाएवढा गोळा. आणि टाकीने 'सूंऽऽ' असा एक लांब श्वास घेतला. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

लक्ष्मीकांतने चावी उघडली, बटण दाबलं. कार्बोरेटरवरून पेट्रोल ओघळलं. त्याने किक मारायला पाय उचलला आणि कळवळून खाली बसला.

"बाजूला सर," शालिनी म्हणाली. तिने ट्रंक खाली ठेवली, पदर खोचला, आणि सव्वादोन तासांची सगळी किक एकदाच मारली.

फटफटी पेटली. गल्ली निळी झाली, तुकोजीचं घोडं गल्लीच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहिलं. धुरातून लक्ष्मीकांत, त्याच्या मागे मांडीवर ट्रंक घेऊन शालिनी, एवढं दिसलं आणि मग तेही दिसेनासं झालं. सव्वादहा व्हायला एक मिनिट होतं. अंबिकाबाई म्हणाल्या, "दही घालायचं राहिलं हातावर," आणि रडल्या.

धूर विरला तेव्हा टोकेकर बोटावर मेणाचा गोळा घेऊन उभे होते.

"मेण," ते म्हणाले. "गुन्ह्याचं हत्यार. कुंकवाखाली मेण कोण लावतं?"

"कुंकू टिकावं म्हणून आम्ही सगळ्याच लावतो," अंबिकाबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे लावत होतो. भावजी, मी सकाळपासून तेच सांगतेय. आमच्या घरात आता सवाष्ण कोण आहे? मी ही अशी, शालिनीचं लग्न व्हायचंय. पूजेला कुंकू लावायला काल सकाळी इंदिराबाईंना बोलावलं होतं. तुम्ही तेव्हा उज्जैनला होता, कुणाची तरी बकरी शोधायला."

टोकेकरांनी वळून आपल्या घराकडे बघितलं. इंदिराबाई ओसरीवर उभ्या होत्या. कपाळावर कुंकू ठसठशीत. त्याच्याखाली मेण असणार, हे आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"पत्र्यावर नुसतं कुंकू राहतं का?" त्या म्हणाल्या. "आपल्याच डबीतलं मेण लावलं मी. भरपूर लावलं, गाडी बाहेर उन्हात-वाऱ्यात असते म्हणून. नीट बसावं म्हणून अंगठ्याने दाबलं. त्यात काय चुकलं?"

"काही नाही," टोकेकर म्हणाले.

"अंगठा देऊ का? शाई आहे ना?"

"नको. ओली आहे अजून."

ते ओसरीवर जाऊन बसले आणि त्यांनी नोंदवही उघडली. प्रकरण सुटलेलं होतं. हत्यार सापडलं होतं, अंगठा ओळखला गेला होता, गुन्हेगार साडेतीन हातांवर उभा राहून 'चहा टाकू का' विचारत होता. 'निकाली'च्या रकान्यात ओळ लिहायला हरकत काही नव्हती. फक्त ती ओळ लिहिली, की शेजारच्या 'आरोपीचे नाव' या रकान्यातही काहीतरी लिहावं लागतं. टोकेकरांनी टाक दौतीत बुडवला, बाहेर काढला, टोकावर थेंब जमेपर्यंत धरला. आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तपास चालू आहे.'

"टाक," ते इंदिराबाईंना म्हणाले. "साखर जरा जास्त."

संध्याकाळी लक्ष्मीकांत परतला. सुजलेल्या पायाने गिअर बदलता येईना म्हणून देपालपुरपर्यंतचा सगळा रस्ता त्याने दुसऱ्या गिअरवर काढला होता. शाळेच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी असताना शालिनीने हजेरीपटावर सही केली. शाळेच्या दाराशी आणखी एक ट्रंक होती, आणि ट्रंकेवर यादीतल्या दुसऱ्या, त्या प्रमोदिनीबाई बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना कळवलं होतं की पहिल्या बाई येतीलसं दिसत नाही. शालिनीने सही केल्यावर त्या उठल्या, दोघी एकमेकींना नमस्कार म्हणाल्या, आणि प्रमोदिनीबाई दुपारच्या बसची वाट बघायला गेल्या.

तेव्हा या सगळ्याची किंमत कुणाला काय पडली ते एकदा बघू. लक्ष्मीकांत चार दिवस हळद लावून खाटेवर होता. त्याने वीस मैलांच्या आतल्या कुठल्याही प्रवासाबद्दलसुद्धा 'मी सोडतो' म्हणणं सोडून दिलं. टोकेकरांचा एकुलता एक अंगठा गेला. तुकोजीचं घोडं फटफटीचा आवाज आला की अजून बिचकतं. प्रमोदिनीबाईंना काय किंमत पडली ते इंदुरात बसून मला मोजता येणार नाही. फटफटीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, एवढंच नोंदवतो. शालिनीला काही मोजावं लागलं नाही, आणि तिला लागू नये असंच सगळ्यांच्या मनात होतं.

राहिली गंगूबाई. तिला त्या दिवशी पुढच्या तीन घरी दीड-दोन तास उशीर झाला. पहिल्या घरी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून नाही आलीस तरी चालेल. दुसऱ्या घरी तिच्या वाटणीचं जेवण कुत्र्याला घातलेलं होतं. तिसऱ्या घरी, सकाळभर मागच्या चुलीपुढून न हललेल्या बाईंनी तिला दारातच उभं करून, ही सबब, ती सबब, फटफटीची सबब तर आजवर ऐकली नव्हती, असं चांगलं अर्धा तास सुनावलं. आणि त्या घरचा मालक, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो आत मिलला जायची घाई आहे म्हणून मुकाट्याने जेवत बसला होता. त्या बाईंचं नाव लीला. त्यांनी वाढलेली भाकरी त्या दिवशी चांगली झाली होती, हे मला आठवतं, कारण मी पानावरून मान वर केली नाही.